विद्यापीठाच्या विधी अधिकाऱ्याचे काम: आदेश निघण्यापूर्वी आणि त्यानंतर

जिल्हा न्यायालयात काही वर्षे वकिली केलेल्या एका तरुण वकिलांचा प्रश्न आहे. राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठात विधी अधिकारी म्हणून त्यांची निवड झाली आहे. हे पद स्वीकारावे का, असे ते विचारतात. उच्च न्यायालयातली प्रकरणे तर पॅनेलवरचे, म्हणजे विद्यापीठाने बाहेरून नेमलेले, वकील चालवतात. मग पगारी विधी अधिकाऱ्याकडे नेमके काय उरते, आणि हे पद म्हणजे कुलसचिवांचे कार्यालय व वकील यांच्यामध्ये कागद पोहोचवण्याचे काम तर नव्हे, अशी त्यांची शंका आहे. शंका रास्त आहे, कारण काही ठिकाणी हे पद प्रत्यक्षात तसेच चालवले जाते. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच कामात गेली असल्याने त्यांना उद्देशून सविस्तर लिहितो.

विद्यापीठ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ आहे. त्यामुळे प्रवेश नाकारण्यापासून प्राध्यापकाच्या बडतर्फीपर्यंत त्याचा जवळजवळ प्रत्येक निर्णय अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात तपासला जाऊ शकतो, आणि तपासताना न्यायालय सर्वप्रथम आदेशाचा कागद हातात घेते. मुंबईच्या पोलीस आयुक्तांविरुद्धच्या प्रकरणात १९५१ साली आणि पुढे मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले की, वैधानिक अधिकाऱ्याने दिलेला आदेश त्यात नमूद केलेल्या कारणांवरच टिकेल किंवा पडेल. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे भरून तो सावरता येणार नाही. म्हणजे पॅनेलवरचे वकील कितीही नामांकित असले तरी त्यांच्या हाती आपण दिलेलाच कागद असतो. तो कागद कसा असेल हे ठरवण्याची संधी विधी अधिकाऱ्याला मिळते, आणि म्हणून त्याचे मुख्य काम न्यायालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी नस्तीवर, म्हणजे प्रकरणाच्या फाईलवर, झालेले असले पाहिजे. ज्या विद्यापीठात विधी कक्षाकडे नस्ती फक्त याचिका दाखल झाल्यावर येते, तिथे आपली शंका खरी ठरते. म्हणून रुजू झाल्यावर पहिली मागणी ही करावी की शिक्षा, निलंबन, सेवासमाप्ती, प्रवेश रद्द करणे, संलग्नीकरण काढून घेणे आणि निवडणूक यांविषयीचा कोणताही आदेश स्वाक्षरीस जाण्यापूर्वी विधी कक्षातून जाईल, आणि तसे परिपत्रक कुलसचिवांच्या सहीने काढून घ्यावे.

याचे रोजचे उदाहरण म्हणजे परीक्षेतील गैरप्रकाराची नस्ती. हिवाळी परीक्षा संपल्या की अशा नस्त्यांचे गठ्ठे येतात. प्रत्येक नस्तीत पर्यवेक्षकाचा अहवाल, जप्त केलेली चिठ्ठी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचा जबाब, कारणे दाखवा नोटीस, समितीचे इतिवृत्त आणि आदेशाचा मसुदा असतो. मसुदा बहुधा एका वाक्याचा असतो: ‘परीक्षेत गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आल्याने समितीच्या शिफारशीनुसार आपली संपादणूक रद्द करण्यात येत आहे.’ विधी अधिकाऱ्याने हा मसुदा बाजूला ठेवून आधी चिठ्ठी पाहावी. ती त्या दिवशीच्या विषयाची आहे का. तिच्यावर बैठक क्रमांक, वेळ, पर्यवेक्षकाची आणि विद्यार्थ्याची सही आहे का. तिच्यातला मजकूर उत्तरपत्रिकेत उतरला आहे का, आणि उतरला असल्यास कोणत्या पानावर. मग जबाब पाहावा. छापील नमुन्यात ‘मला माझी चूक मान्य आहे’ हे वाक्य आधीच छापलेले असेल आणि विद्यार्थ्याने खाली फक्त सही केली असेल, तर केवळ त्या कबुलीच्या आधारे आदेश काढू देऊ नये. नोटिशीची तारीख पाहावी. सुनावणी मंगळवारी आणि नोटीस शनिवारी महाविद्यालयाच्या ई-मेलवर गेली असेल, तर ती एटापल्ली किंवा धडगावसारख्या दुर्गम भागातल्या विद्यार्थ्याच्या हाती कधी पडली याची पोच नस्तीत हवी. समितीत कोण बसले होते तेही पाहावे, कारण ज्या भरारी पथकाने विद्यार्थ्याला पकडले त्याचाच प्रमुख निर्णय देणाऱ्या समितीत असेल तर पुढचे काहीच टिकत नाही. शेवटी अध्यादेशातील, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षाविषयक नियमांतील, शिक्षेचे कोष्टक काढावे: चिठ्ठी जवळ सापडणे आणि चिठ्ठीवरून उत्तर लिहिणे यांना वेगवेगळी शिक्षा सांगितलेली असेल, तर समितीने यांपैकी कोणती बाब सिद्ध मानली हे इतिवृत्तात स्पष्ट असले पाहिजे.

एवढे जमले की एका वाक्याचा मसुदा एका पानाचा होतो. आरोप काय, पुरावा कोणता, विद्यार्थ्याचे म्हणणे काय, ते का स्वीकारले नाही, कोणत्या तरतुदीखाली कोणती शिक्षा, आणि दाद कोणाकडे मागायची, हे सारे त्यात येते. काही वेळा मात्र तपासणीअंती असे दिसते की प्रकरणात दमच नाही. तेव्हा तसा स्पष्ट अभिप्राय लिहून विद्यार्थ्याला मोकळे करण्याची शिफारस करणे हाही विधी अधिकाऱ्याच्या कर्तव्याचा भाग आहे, आणि मी तो सर्वांत महत्त्वाचा भाग मानतो. पुढे न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला तरी वाया गेलेले वर्ष त्याला परत मिळत नाही.

या विषयात कायदा विद्यापीठाच्या हाताला पुरेसा मोकळेपणा देतो, हेही लक्षात असू द्यावे. ऐकून घेतल्याशिवाय विद्यार्थ्याचा निकाल रद्द करता येत नाही, हे उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात १९६२ सालीच ठरले. पण एखाद्या केंद्रावर सरसकट कॉपी होऊन परीक्षाच रद्द करायची असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणी द्यावी लागत नाही, हे बिहारच्या परीक्षा मंडळाच्या १९७० च्या प्रकरणाने सांगितले. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९९१ च्या प्रकरणात गुणांच्या फेरफाराविषयी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरही निष्कर्ष काढता येतो. म्हणजे न्यायालये विद्यापीठाकडून अशक्य गोष्टी मागत नाहीत. ती मागतात ती नोटीस, संधी आणि कारणे, आणि तीन गोष्टींपैकी एक कमी असल्यामुळेच बहुतेक आदेश रद्द होतात, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या स्वतःच्या कायदेशीर स्थानाविषयी. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारणाऱ्या वकिलाने तसे राज्य परिषदेला कळवायचे असते आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची असते. आपण महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेला रुजू होताच पत्र द्यावे; ‘अधूनमधून एखादे प्रकरण’ हा प्रकार या पदाला चालत नाही. वकालतनाम्यावर विद्यापीठाच्या वतीने कुलसचिव सही करतात, वकील म्हणून पॅनेलवरचे वकील करतात, आणि आपण दोघांच्या मध्ये असता. याचा एक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात येतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात स्पष्ट केले की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये पक्षकार आणि वकील यांच्यातील संवादाला जे संरक्षण आहे, ते नोकरीतील विधी सल्लागाराला मिळत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा वकील नसतो. कलम १३४ चे मर्यादित संरक्षणच त्याच्या वाट्याला येते. त्यात भर म्हणजे माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(च) मधील ‘माहिती’च्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्ला हे शब्द आहेत. तेव्हा नस्तीवरचा प्रत्येक अभिप्राय उद्या याचिकाकर्ता वाचणार आहे असे समजून लिहावा. याचा अर्थ मुळमुळीत लिहावे असा मुळीच नाही. व्यक्तीविषयी शेरे टाळावेत, हेतूंविषयी तर्क टाळावेत, आणि कायदा व वस्तुस्थिती यांवर मात्र जे मत आहे ते पूर्ण लिहावे. खटल्याच्या डावपेचांविषयीचा सल्ला पॅनेलवरच्या वकिलांकडून लेखी घ्यावा आणि तो स्वतंत्र नस्तीत ठेवावा.

नेमणूकपत्रात न लिहिलेली, पण सर्वांत जास्त कस पाहणारी गोष्ट अशी की आपला पक्षकार विद्यापीठ ही संस्था आहे. कुलगुरू येतात आणि जातात; विद्यापीठाचे दायित्व राहते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने अधिकार जाणीवपूर्वक विभागून दिले आहेत: काही कुलगुरूंना, काही व्यवस्थापन परिषदेला, काही विद्या परिषदेला, काही परीक्षा व मूल्यमापन मंडळाला, आणि काहींसाठी शासनाची पूर्वमान्यता लागते. ‘हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा’ हा प्रश्न नस्ती हाती येताच पहिल्यांदा विचारावा, कारण निर्णय कितीही योग्य असला तरी चुकीच्या प्राधिकरणाने घेतला की तो पहिल्याच तारखेला अडचणीत येतो. सर्वांत जास्त ताण कलम १२(७) वर येतो. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंनी स्वतः कार्यवाही करून नंतर संबंधित प्राधिकरणाला कारणांसह कळवावे, अशी ती तरतूद आहे. तिचा वापर पुरात परीक्षा पुढे ढकलण्यासाठी व्हावा; ज्या विषयावर परिषदेत मतभेद होतील तो बैठकीआधी उरकण्यासाठी होऊ नये. मसुद्यात तातडीचे कारण शोधून घालायला आपल्याला सांगितले गेले, तर तातडी खरोखर नव्हती हे त्यातच उघड झालेले असते.

अशा वेळी काय करावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माझी पद्धत अशी आहे की, प्रथम प्रत्यक्ष भेटून, दार लावून, पूर्ण मोकळेपणाने सांगावे की हा आदेश टिकणार नाही आणि का टिकणार नाही. त्याच भेटीत दुसरा मार्ग सुचवावा: परिषदेची तातडीची बैठक, नव्याने नोटीस, आठ दिवसांचा अवधी. बहुतेक कुलगुरू हे ऐकतात, कारण त्यांना निर्णय हवा असतो, खटला नको असतो. तरीही आग्रह राहिला तर नस्तीवर चार ओळींचा स्पष्ट अभिप्राय तारखेसह लिहावा आणि नस्ती वर पाठवावी. निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा आहे. सल्ला देण्याचे कर्तव्य आपले आहे. आदेश एकदा निघाला की मात्र न्यायालयात त्याचा प्रामाणिक बचाव करावा, जोवर प्रतिज्ञापत्रात खोटे लिहावे लागत नाही तोवर. खोटे लिहावे लागत असेल तर तिथे थांबावे. आपल्या मसुद्यावर शपथ घेणारा बहुधा एखादा उपकुलसचिव असतो, आणि चुकीच्या प्रतिज्ञापत्राचे परिणाम त्याला वैयक्तिक भोगावे लागतात.

शासनाचे पत्र आले म्हणजे विद्यापीठाची जबाबदारी संपली, हा समजही काढून टाकला पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांची निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाच्या पत्रावरून मतदानाच्या तोंडावर पुढे ढकलण्यात आली. उच्च न्यायालयाने शनिवारी सुनावणी घेऊन त्या परिपत्रकाला स्थगिती दिली आणि २४ सप्टेंबरला मतदान झाले. शासनाच्या पत्रामागे कोणते कलम आहे आणि त्या कलमाखाली तसा निर्देश देता येतो का, हे तपासून कुलसचिवांना लेखी सांगणे हे विधी अधिकाऱ्याचेच काम आहे, मग ते पत्र रात्री साडेनऊला आलेले असो.

लैंगिक छळाच्या तक्रारींच्या बाबतीत विधी अधिकाऱ्याने आपली मर्यादा फार काळजीपूर्वक आखावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना अंतर्गत समितीच्या बाहेर ठेवले आहे, कारण समिती स्वायत्त राहिली पाहिजे. विधी अधिकारी हा प्रशासनाचा सल्लागार असतो. त्याने समितीच्या निष्कर्षांचा मसुदा लिहिणे म्हणजे त्या स्वायत्ततेत मागच्या दाराने शिरणे होय. त्याने चौकशी सुरू होण्यापूर्वी समितीला कार्यपद्धतीचे प्रशिक्षण द्यावे, मुदतींचा तक्ता करून द्यावा, आणि मग बाजूला व्हावे. मुदतींचा तक्ता म्हणतो याला कारण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या अधिनियमात समितीच्या शिफारशींवर कार्यवाहीसाठी ६० दिवस आणि अपिलासाठी ९० दिवस आहेत, तर आयोगाच्या विनियमांत दोन्हीसाठी ३० दिवस आहेत, आणि समितीच्या सदस्यांना या दोन घड्याळांची माहिती असतेच असे नाही.

या विषयावर गोवा विद्यापीठाचे प्रकरण प्रत्येक विधी अधिकाऱ्याने मुळातून वाचावे. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका अध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, कार्यकारी परिषदेने बडतर्फीचा निर्णय घेतला, मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१२ मध्ये कायम ठेवला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सर्व निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले, कारण शेवटच्या टप्प्यात समितीने बैठकांवर बैठका घेत इतकी घाई केली होती की संबंधिताला बाजू मांडायला आणि साक्षी तपासायला पुरेसा अवधी मिळाला नव्हता. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा सुरू करण्याचा अर्थ त्या तक्रारदार मुलींसाठी काय होतो, याचा विचार करावा. तक्रारदाराला लवकर न्याय मिळावा या सद्भावनेनेच समित्या घाई करतात, आणि त्या घाईची किंमत तक्रारदारालाच मोजावी लागते. ‘आरोपीला आणखी चार दिवस द्या’ असा सल्ला विधी अधिकारी देतो तेव्हा तो तक्रारदाराच्या विरोधात बोलतो आहे असे समितीला वाटते. ते तसे का नाही, हे या निर्णयाच्या आधाराने शांतपणे समजावून सांगता येते.

सेवाविषयक प्रकरणांचा पसारा मोठा आहे, आणि पैशांच्या दृष्टीने विद्यापीठाला सर्वांत महाग पडणारी प्रकरणे हीच असतात. विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे २०१६ च्या विद्यापीठे अधिनियमाच्या कलम ८१ खाली बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा आदेशांविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. तिथे पाहिले जाते ते चौकशीचे टप्पे: दोषारोपपत्र नेमके आहे का, कागदपत्रे दिली का, उलटतपासणी होऊ दिली का. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी कर्मचाऱ्याला देणे १९९३ च्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या निर्णयानुसार अनिवार्य आहे, आणि आजही अहवाल आणि बडतर्फीचा आदेश एकाच लिफाफ्यातून गेलेल्या नस्त्या पाहायला मिळतात. निलंबनाविषयी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले गेले नाही तर निलंबन लांबवू नये. महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये असेही ठरले की सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास पुनःस्थापनेसोबत मागील पूर्ण वेतन हा सर्वसाधारण नियम आहे, आणि त्या काळात कर्मचारी दुसरीकडे कमावत होता हे मालकाने दाखवायचे आहे. म्हणजे प्रकरण आठ वर्षे चालले तर आठ वर्षांचे वेतन, वेतनवाढी आणि निवृत्तिवेतनावरचा परिणाम, एवढा बोजा एका सदोष आदेशातून येतो. हा हिशेब वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून काढून घेऊन अभिप्रायाला जोडावा. कलमांचे दाखले वाचून न थांबणारी सही आकडा पाहून थांबते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची प्रकरणे वेगळ्या स्वरूपाची असतात. त्यांत विद्यापीठाची कायदेशीर बाजू अनेकदा भक्कम असते, पण वर्षानुवर्षे त्याच व्यक्तींकडून नियमित कामाचा भार उचलून घेतल्याचे सत्य लपत नाही. इथे विधी अधिकाऱ्याने जिंकण्याच्या शक्यतेपुरते बोलू नये. रिक्त पदांची बिंदुनामावली (आरक्षणनिहाय पदांची नोंद), शासनाकडे पाठवलेले प्रस्ताव आणि त्यांची सद्यःस्थिती हे सर्व न्यायालयापुढे खरेपणाने मांडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता खटल्यांकडे. पद्धत अशी की पॅनेलवरच्या वकिलांचा संध्याकाळी फोन येतो: उद्या सकाळच्या बोर्डावर (न्यायालयाच्या कामाच्या यादीत) प्रकरण आहे, प्रवेशाचे आहे, अंतरिम आदेश मागितला आहे. त्या क्षणी याचिकेच्या परिच्छेदनिहाय अभिप्रायाची वाट पाहत बसता येत नाही. एका पानावर पाच गोष्टी लिहून पाठवाव्यात: प्रवेशाची अंतिम तारीख काय होती, ती कोणत्या परिपत्रकाने ठरली, विद्यार्थ्याचा अर्ज कधी आला, जागा शिल्लक आहे का, आणि विद्यापीठाचा जागेविषयी आक्षेप आहे की पात्रतेविषयी. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण केवळ तारखेचा आक्षेप असेल आणि जागा रिकामी असेल तर न्यायालय बहुधा हंगामी प्रवेश देते. तसा प्रवेश दिल्यावर तो याचिकेच्या निकालाच्या अधीन आहे ही नोंद गुणपत्रिकेपर्यंत टिकवणे आपले काम. ती नोंद गळाली की तीन वर्षांनी पदवी हातात असलेल्या विद्यार्थ्यापुढे विद्यापीठाला बोलायला जागा उरत नाही. वादग्रस्त आदेश काढण्यापूर्वी कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा न्यायालयाकडे आगाऊ अर्ज, दाखल करावे आणि ते ९० दिवसांनी संपते हे रोजनिशीत लिहून ठेवावे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे. शिवाजी विद्यापीठ आणि सोलापूरचे विद्यापीठ यांच्या विधी कक्षांना मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, पण पॅनेल नव्याने उभे करावे लागले आणि नोटीस आल्यापासून हजर होण्यापर्यंतचा अवधीही आता कमी झाला आहे.

कोणते प्रकरण लढू नये हे सांगणे अधिक अवघड असते. हरलेल्या प्रत्येक प्रकरणात वर अपील करण्याची सवय विद्यापीठांना लागलेली आहे, कारण अपील न करण्याच्या निर्णयावर सही करायला कोणी तयार नसते. विधी अधिकाऱ्याने ती सही सोपी करून द्यावी: निकालाचे कोणते निष्कर्ष वस्तुस्थितीवर आहेत, अपिलात ते बदलण्याची शक्यता किती, खर्च किती, आणि निकाल मान्य केल्यास इतर किती कर्मचारी किंवा विद्यार्थी तोच लाभ मागतील, एवढे लिहून ‘अपील करू नये’ अशी शिफारस आपल्या नावाने द्यावी.

परीक्षेच्या निकालांविषयी दोन-तीन गोष्टी पुरेशा आहेत. पुनर्मूल्यांकन हा नियमांनी दिलेला हक्क आहे. नियमात नसेल तर न्यायालय तो सहसा निर्माण करत नाही, हे महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्याच १९८४ च्या प्रकरणात ठरले. तपासलेली उत्तरपत्रिका मात्र माहिती अधिकारात पाहता येते, परीक्षकाचे नाव झाकून, आणि उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपर्यंतच, असे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०११ च्या प्रकरणाने सांगितले. म्हणून अर्ज किंवा याचिका आल्याचे कळताच ती उत्तरपत्रिका रद्दीतून वाचवण्याचे पत्र परीक्षा विभागाला त्याच दिवशी जावे. विद्यापीठे अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचे असतात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल संगणकीय मूल्यांकनाच्या गोंधळात रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्यानंतर तरी परीक्षाविषयक सेवांच्या निविदेच्या अटी विधी कक्षाने वाचल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत. विलंबाचा दंड, माहितीची मालकी, आणि कंत्राट मधेच संपल्यास गुणांची आधारसामग्री कोणत्या स्वरूपात परत मिळेल, ही तीन कलमे आधी पाहावीत.

सामंजस्य करार, जमिनीचे वाद, पेटंट, जातवैधता प्रमाणपत्र अवैध ठरल्यावरची कार्यवाही हे विषय काम करता करता शिकता येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम मात्र आताच वाचावा, कारण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि विद्यार्थ्यांची नावे, जात आणि गुण यांच्या याद्या संकेतस्थळावर जशाच्या तशा टाकण्याची जुनी सवय त्यापुढे चालणार नाही.

पद स्वीकारावे का, असे आपण विचारले आहे. कुलगुरू आणि कुलसचिव या दोघांनाही थेट भेटता येणार असेल आणि आदेशापूर्वी नस्ती आपल्याकडे येणार असेल, तर अवश्य स्वीकारावे. न्यायालयात एका पक्षकारासाठी जे करता येते ते इथे हजारो विद्यार्थी व कर्मचाऱ्यांसाठी, वाद निर्माण होण्याआधी करता येते. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात २०१६ चा अधिनियम, परिनियम आणि परीक्षेचे अध्यादेश ओळीने वाचून काढावेत, गैरप्रकार समितीच्या सुनावण्यांना श्रोता म्हणून बसावे, आणि विद्यापीठाविरुद्ध गेलेल्या अंतिम निकालांची यादी करून घ्यावी. अवमान याचिका बहुधा अशाच प्रकरणांत येते जिथे निकाल मान्यही केलेला नसतो आणि त्याला स्थगितीही मिळवलेली नसते. त्या यादीतील प्रत्येक निकालासमोर अंमलबजावणीची तारीख किंवा स्थगितीच्या आदेशाचा क्रमांक यांपैकी एक लिहिला जाईपर्यंत दुसरे कोणतेही नवे काम हाती घेऊ नये.